मोजल्याशिवाय गळ नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकेतील कोलंबिया नदीवरची धरणे आणि तिथले सॅल्मन मासे यांच्याविषयी आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे यात शंका नाही. परंतु अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत परतताना बोनव्हिल, म्हणजे कोलंबियावरचे समुद्राकडून पहिले धरण, ओलांडून वर गेलेल्या माशांचा वर्षाचा एकूण आकडा देऊन ‘हॅचऱ्यांमुळे (कृत्रिमरीत्या अंडी उबवून पिल्ले वाढवणाऱ्या केंद्रांमुळे) नदी पुन्हा माशांनी भरली’ असा जो निष्कर्ष त्यांनी काढला आहे, तो त्या आकड्यातून निघत नाही. मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणि आता याच खोऱ्यातील आयडाहो राज्याचा रहिवासी म्हणून या नोंदी मी बराच काळ पाहत आलो आहे. त्या आधारे थोडे सविस्तर लिहितो.

मुळात इथल्या बहुतेक हॅचऱ्या भरपाई म्हणून उभ्या राहिल्या. वॉशिंग्टन राज्यातले ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये पूर्ण झाले. माशांना वर जाण्यासाठी त्यात कोणतीही वाट ठेवलेली नव्हती, त्यामुळे कॅनडापर्यंतचा वरचा सारा प्रवाह सॅल्मनला बंद झाला. स्नेक ही कोलंबियाची सर्वांत मोठी उपनदी. तिच्या हेल्स कॅन्यन भागात १९५० आणि १९६०च्या दशकांत तीन धरणे झाली आणि दक्षिण आयडाहोतील प्रजननाच्या जुन्या जागा तुटल्या. पुढे खालच्या स्नेकवर आणखी चार धरणे आली, त्यांतले शेवटचे, लोअर ग्रॅनिट, १९७५ मध्ये. या चारही धरणांना फिश लॅडर, म्हणजे माशांना पायरीपायरीने चढता येईल असा जलमार्ग आहे. परंतु समुद्राकडे निघालेल्या पिल्लांची धरणे ओलांडताना आणि संथ, तापलेल्या जलाशयांतून जाताना जी हानी होते ती त्याने टळत नाही, म्हणून १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लोअर स्नेक नदी भरपाई योजनेला मंजुरी दिली. १९३८च्या मिचेल कायद्याखाली खालच्या कोलंबियावर हॅचऱ्या त्याआधीपासून होत्याच. आज संपूर्ण खोऱ्यात दरवर्षी दहा कोटींहून अधिक पिल्ले हॅचऱ्यांतून नदीत सोडली जातात, आणि समुद्रातून परतणाऱ्या माशांत त्यांचाच वाटा मोठा असतो. तेव्हा एखाद्या वर्षी बोनव्हिलवरचा आकडा फुगला, तर त्याचा पहिला अर्थ एवढाच की त्याआधीच्या काळात समुद्रात पिल्ले जास्त जगली. नदीतच जन्मलेल्या माशांचे काय झाले हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

स्नेक नदीचा सॉकआय सॅल्मन १९९१ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली नोंदला गेला. पुढच्या वर्षी स्नेकच्या चिनूक सॅल्मनला आणि १९९७ मध्ये स्टीलहेडला, म्हणजे समुद्रात जाऊन परत येणाऱ्या रेनबो ट्राउटला, संरक्षण मिळाले. परिस्थिती किती हाताबाहेर गेली होती हे सांगायला एक उदाहरण पुरेसे आहे: १९९२ मध्ये आयडाहोतील रेडफिश तलावाकडे एकच सॉकआय परतला, आणि तोही नर. अडचण अशी की संरक्षण मिळालेले हे नैसर्गिक मासे आणि पकडण्यासाठीच वाढवलेले हॅचरीतले मासे एकाच प्रवाहातून, एकाच दिवसांत, बरोबरीने वर चढतात. गळाला दोन्ही सारखेच लागतात.

यावर काढलेला उपाय दिसायला अगदी साधा आहे. सॅल्मन कुळातील माशांच्या पाठीवर शेपटीच्या थोडे अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो, त्याला ॲडिपोज पर म्हणतात. हॅचरीतील पिल्लू बोटाएवढे असतानाच तो कापला की पुन्हा येत नाही. कोलंबिया खोऱ्यात स्टीलहेडच्या बाबतीत ही पद्धत १९८०च्या दशकापासून सार्वत्रिक झाली, चिनूकच्या बाबतीत काहीशी नंतर. पर कापलेला मासा ठेवता येतो; पर शाबूत असलेला मासा पाण्याबाहेर न काढता तिथेच सोडावा लागतो. लाखो पिल्लांचे पर कापायचे म्हणजे हाताने काम उरकत नाही, म्हणून यंत्रे बसवलेल्या ट्रेलर गाड्या हॅचऱ्यांच्या दारात उभ्या राहतात आणि पिल्ले आकारानुसार वेगळी होऊन एकेक करून त्यांतून जातात. त्यांपैकी काहींच्या मुस्कटात याच वेळी १.१ मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार टोचली जाते. कोणती हॅचरी, कोणत्या वर्षीची पिल्ले, कोणता गट, हे त्या तारेवरच्या अंकांत असते. याखेरीज काही पिल्लांच्या पोटात सुमारे १२ मिलिमीटरची, काचेत बंद केलेली पिट टॅग नावाची खूण ठेवतात. तिला बॅटरी नसते. फिश लॅडरमधल्या अँटेनाजवळून मासा गेला की तिचा क्रमांक आपोआप नोंदला जातो.

आता धरणावरच्या मोजणीकडे येतो, कारण लेखातला आकडा तिथला आहे. बोनव्हिलवर फिश लॅडरच्या कडेला काचेची खिडकी आहे. तिच्यामागे बसलेला मोजणीदार जाणारा प्रत्येक मासा ओळखून त्याच्या प्रजातीपुढे बटण दाबतो. तो तासातली ५० मिनिटे मोजतो आणि उरलेल्या दहा मिनिटांचा हिशेब त्याच प्रमाणात धरला जातो. वर चढलेला मासा कधी सांडव्यावरून परत खाली पडतो आणि पुन्हा चढतो, तेव्हा तो दोनदा मोजला जातो. ऑरेगनमधील जॉन डे नदीचे काही स्टीलहेड आपल्या नदीचे मुख ओलांडून पुढे कोलंबियावरच्याच मॅकनरी धरणापलीकडे जातात आणि नंतर उलटे येतात. तेही वरच्या धरणाच्या हिशेबात शिरतात. स्टीलहेडचे आणखी एक वेगळेपण आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरद ऋतूत नदीत शिरलेला मासा सबंध हिवाळा नदीतच काढतो आणि वसंतात अंडी घालतो, त्यामुळे एका पिढीची मोजणी दोन कॅलेंडर वर्षांवर पसरते. मोजणीदारांच्या कामाला मी कमी लेखत नाही; १९३८ पासून चालत आलेली ही नोंद जगातील माशांच्या सर्वांत मोलाच्या नोंदींपैकी आहे, असेच मी म्हणेन. पण ती नोंद खिडकीसमोरून काय गेले ते सांगते, त्यापुढचे नाही.

खरी गुंतागुंत पर न कापलेल्या माशांची आहे, आणि नेमकी तीच लेखात आलेली नाही. खिडकीतून पर शाबूत दिसला की मासा नैसर्गिक, असे सामान्य वाचक समजतो. परंतु हॅचरीतली काही पिल्ले जाणूनबुजून पर न कापता सोडली जातात, कारण त्यांनी गळाला न लागता वर जावे आणि नदीतच अंडी घालून ओसरलेली संख्या सावरावी असा हेतू असतो. ही पिल्ले मोठी होऊन परतली की खिडकीत ती नैसर्गिक माशांसारखीच दिसतात. केवळ खिडकीवर विसंबले तर नैसर्गिक माशांची संख्या वाढल्याचा भास होतो आणि त्या भासावर मासेमारीची मर्यादा सैल करण्याचा मोह होतो.

म्हणून लोअर ग्रॅनिटच्या लॅडरमध्ये सापळा ठेवला आहे. त्याचे दार दिवसभरात ठरावीक प्रमाणात उघडते आणि तेवढ्या वेळात आलेले मासे बाजूच्या टाकीत वळतात. तिथे माशाला गुंगी देऊन त्याची लांबी घेतात, वयासाठी खवले काढतात, पराचा लहानसा तुकडा कागदावर चिकटवून ठेवतात आणि मासा शुद्धीवर आला की पुढे सोडतात. हा पराचा तुकडा महत्त्वाचा आहे. स्नेक खोऱ्यातील हॅचऱ्यांमध्ये २००८ च्या प्रजननापासून अंडी घेतलेल्या प्रत्येक मादीचा आणि वापरलेल्या प्रत्येक नराचा असाच तुकडा घेऊन जनुकीय नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे पिल्लाला हात न लावता त्याची ओळख त्याच्या आईवडिलांवरून पटते: तीन-चार वर्षांनी परतलेल्या माशाचा तुकडा नोंदीतील जोडप्याशी जुळला, तर तो कोणत्या हॅचरीचा आणि कोणत्या वर्षीचा हे कळते, जुळलाच नाही, तर तो नदीतला असण्याची शक्यता मोठी. गेल्या काही दशकांत या नदीवर जी काही तांत्रिक प्रगती झाली तिच्यात मी या पद्धतीला सर्वांत वर ठेवीन. मात्र हे सारे एका अटीवर चालते. दरवर्षी प्रत्येक हॅचरीत, एकही प्रजनक मासा न सोडता, तुकडे घेतले गेले पाहिजेत. एका वर्षीचे तुकडे राहिले, तर त्या वर्षीची पिल्ले परतताना नैसर्गिक म्हणून मोजली जातील आणि ती चूक पुढे कोणालाही उलगडता येणार नाही.

मासेमारीचा हिशेब यानंतर सुरू होतो. हॅचरीकडे परतणाऱ्या माशांतून पुढच्या पिढीसाठी लागणारे प्रजनक मासे आधी बाजूला धरतात. उरतील ते पकडण्यासाठी, आणि त्यांचीही आदिवासी जमाती व इतर मासेमार यांच्यात वाटणी होते. हंगाम चालू असताना नदीकाठी फिरणारे कर्मचारी किती जण गळ टाकून बसले आहेत ते मोजतात आणि परतीच्या वाटेवर त्यांना थांबवून विचारतात: किती तास बसलात, किती ठेवले, किती सोडले, सोडलेल्यांचे पर शाबूत होते का? ठेवलेल्या माशाच्या मुस्कटावरून तार ओळखणारी कांडी फिरवतात. ती वाजली, तर मुस्कट कापून चिठ्ठीसह पिशवीत घालतात. पॅसिफिक किनाऱ्यावर पकडीच्या किमान २० टक्के मासे असे तपासावेत, असा दंडक आहे. तासाला मिळणारे मासे गुणिले नदीवरचे एकूण तास, एवढेच सूत्र, पण त्यातले दोन्ही आकडे अंदाजाचे असतात. सोडून दिलेल्या माशाची संख्या तर निव्वळ मासेमाराच्या सांगण्यावर असते.

सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही, हे लेखात यायला हवे होते. समजा एखाद्या पट्ट्यात १,००० नैसर्गिक स्टीलहेड गळाला लागून सोडले गेले आणि त्यांपैकी पाच टक्के मरतात असे धरले, तर ५० मासे गेले. पाणी तापलेले असताना, मासा हातात धरून फोटो काढताना, किंवा तोच मासा पुन्हा दुसऱ्याच्या गळाला लागताना हे प्रमाण तेवढेच राहील असे मानायला आधार नाही. आणि मुभा किती असते? खालच्या कोलंबियावर वसंतात नदीत शिरणाऱ्या चिनूकसाठी बिगर-आदिवासी मासेमारीने संरक्षित माशांचे केलेले नुकसान, परतणाऱ्या माशांच्या संख्येनुसार, साधारण अर्ध्या टक्क्यापासून पावणेतीन टक्क्यांपर्यंतच चालते. इतक्या बारीक मर्यादेत राहायचे तर व्यवस्थापकांना आठवड्याच्या आठवड्याला अंदाज बदलून हंगाम मध्येच थांबवावा लागतो. हंगाम अचानक बंद झाला म्हणून मासेमार चिडतात आणि त्यांची चीड मला समजते, कारण काहींनी रजा काढून, शेकडो किलोमीटर गाडी चालवून नदी गाठलेली असते. तरीही माझे मत असे की अचानक बंद होणारा हंगाम हे मोजणी जिवंत असल्याचे लक्षण आहे. पत्रकावर छापलेल्या तारखांप्रमाणे शेवटपर्यंत चाललेला हंगाम पाहिला की मला जास्त शंका येते.

देखरेख ढिली पडली की काय होते, ते आयडाहोने २०१८ मध्ये पाहिले. स्टीलहेडच्या मासेमारीसाठी लागणारी संघीय परवानगी २०१० मध्येच संपली होती. नवी परवानगी निघाली नव्हती आणि हंगाम मात्र दरवर्षी चालू होता. मासे कमी परतले त्या वर्षी काही संवर्धन संघटनांनी दाव्याची नोटीस दिली आणि राज्याच्या मत्स्य आयोगाने नोव्हेंबरात हंगाम थांबवण्याचा निर्णय घेतला. क्लिअरवॉटर आणि सॅल्मन नद्यांच्या काठच्या ज्या लहान गावांची हिवाळ्यातली कमाईच स्टीलहेडवर चालते, तिथे हाहाकार उडाला. शेवटी तडजोड झाली, काही पट्टे वगळून हंगाम चालू राहिला आणि पुढच्या वर्षी परवानगीही मिळाली. मासेमारांना नदीवर नेणाऱ्या वाटाड्यांनी आणि दुकानदारांनी तेव्हा संघटनांना दोष दिला. मला दोष कागद वर्षानुवर्षे पडू देणाऱ्या व्यवस्थेचा वाटतो. मासेमारीची परवानगी म्हणजे ‘आम्ही एवढे मोजू आणि एवढ्यावर थांबू’ हे लेखी वचन असते. ते वचन आठ वर्षे दिलेलेच नसेल, तर कोणी तरी न्यायालयाचे दार ठोठावणारच.

पकडले न गेलेले हॅचरीतले मासे कुठे जातात, हाही प्रश्न उरतोच. काही हॅचरीत परततात, काही भलत्याच नदीत शिरून तिथल्या नैसर्गिक माशांशी जोडी जमवतात. ऑरेगनमधील हूड नदीतल्या स्टीलहेडची जनुकीय वंशावळ तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की हॅचरीत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत प्रजनन करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणूनच हॅचऱ्यांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञगटाने, ज्या नैसर्गिक समूहांचे जतन सर्वांत महत्त्वाचे आहे तिथे वेगळ्या वाणाच्या हॅचरीतील माशांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली ठेवावे असे सुचवले. जॉन डे नदीत हॅचरीचे स्टीलहेड सोडतच नाहीत, तरी तिथे आणि शेजारच्या डेशूट्स नदीत स्नेकच्या हॅचऱ्यांतले मासे सापडत आले आहेत. धरणांचा धोका टाळण्यासाठी पिल्ले बार्ज, म्हणजे मोठ्या सपाट बोटींतून खाली नेली, तर मोठेपणी त्यांची वाट चुकण्याचे प्रमाण वाढते, हेही यातूनच लक्षात आले. हे कळले कशामुळे, तर कोणी तरी त्या उपनद्यांत चालत जाऊन अंडी घातलेले खड्डे आणि मेलेल्या माशांचे पर तपासले म्हणून.

इतके वाचून एखाद्याला वाटेल की हॅचऱ्याच बंद कराव्यात. तसे म्हणणारे इथेही आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे मान्य नाही. नेझ पर्स, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि याकामा या आदिवासी जमातींनी १८५५च्या करारांत लाखो एकर जमीन सोडताना नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. १९६९ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांना पकडीत रास्त वाटा मिळालाच पाहिजे असा निवाडा दिला, आणि त्या दाव्याखालचा सध्याचा व्यवस्थापन करार २०१८ ते २०२७ असा आहे. धरणांनी मासे संपवले आणि नंतर हॅचऱ्याही बंद केल्या, तर त्या हक्काचा कागदच उरेल. १९५७ मध्ये कोलंबियावरच्या द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली सेलाइलो धबधबा गेला, तेव्हा या लोकांची हजारो वर्षांची मासेमारीची जागा गेली; त्यांना आता ‘हॅचरीचा मासा कनिष्ठ’ असे ऐकवण्याचा अधिकार वीज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. सरसकट पर कापण्याला आणि पकडून सोडण्याच्या खेळाला जमातींचा जो विरोध आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

शिवाय जमातींच्या भागीदारीतून झालेले काम लक्षणीय आहे. लोअर ग्रॅनिटवर १९९० मध्ये शरदात नदीत शिरणाऱ्या चिनूकचे केवळ ७८ नैसर्गिक मासे पोहोचले होते. २०१४ मध्ये असे एकूण सुमारे ६० हजार प्रौढ चिनूक पोहोचले. यात नेझ पर्स जमातीच्या पुढाकाराचा मोठा वाटा आहे. परंतु इथेही तोच इशारा लागू पडतो. त्या ६० हजारांत हॅचरीतले मासे मोठ्या संख्येने होते, आणि ही जात आजही संरक्षित यादीत आहे. नदी स्वतःच्या बळावर किती मासे पोसू शकते याचे उत्तर एकूण संख्येतून नाही, वंशावळीच्या नोंदीतूनच मिळेल.

आता खर्चाविषयी. हॅचऱ्या आणि देखरेख यांचा मोठा भार बोनव्हिल विद्युत प्रशासन वीजविक्रीतून उचलते. पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री देखरेखीला लागते, कारण पिल्ले सोडली नाहीत तर लगेच ओरड होते. नदीकाठचा एक तपासनीस कमी केला, किंवा उपनदीतली एक पाहणी रद्द केली, तर त्या वर्षी कोणालाच काही जाणवत नाही. परिणाम तीन-चार वर्षांनी दिसतो, जेव्हा परतलेल्या माशांबद्दलचा अंदाज इतका ढोबळ होतो की व्यवस्थापकांना एक तर सावधगिरीने हंगाम लवकर बंद करावा लागतो, किंवा अंधारात चालू ठेवावा लागतो. वाटाड्ये, जमाती आणि संवर्धनवाले या एका मुद्द्यावर तरी एकाच बाजूला असायला हवेत, पण प्रत्यक्षात निधीच्या बैठकीत प्रत्येक जण आपापल्या हॅचरीच्या पिल्लांची संख्या वाचवत बसतो.

माझ्या मते २०२७ नंतरच्या करारात एक स्पष्ट अट असावी: ज्या हॅचरीच्या माशांवर मासेमारी उघडायची, तिच्या प्रत्येक प्रजनक माशाची जनुकीय नोंद, पकडीची किमान २० टक्के तपासणी आणि जवळच्या उपनद्यांतील पाहणी यांचा खर्च पिल्ले वाढवण्याच्या खर्चातच धरावा, तो मिळत नसेल, तर पिल्ले कमी सोडावीत, आणि तपासणी झाली नाही त्या पट्ट्यात त्या हंगामात गळ पडू नये. यात काही गावांचे नुकसान होईल हे मी जाणतो. परंतु २०१८ च्या नोव्हेंबरात झाले तसे रातोरात होणारे नुकसान त्याहून मोठे असते.

आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा छोटी आहे. या विषयावर पुढचा लेख येईल, तेव्हा बोनव्हिलच्या खिडकीतल्या आकड्याशेजारी लोअर ग्रॅनिटच्या सापळ्यावरून काढलेला नैसर्गिक माशांचा अंदाजही, त्याच्या कमी-जास्त मर्यादेसह, छापावा.

आपला,
आयडाहोस्थित एक वाचक